मागच्या व्हरांड्यातल्या बायका

९ सप्टेंबर १९५७, गॉल

सुखरूप पोचले. गाडीवरचा गार्ड निघाला पर्सीच्या हाताखाली शिकलेला. तेव्हा काडीसारखा होता, आता कोटाची बटणं लागत नाहीत. त्यानं मला समुद्राकडची खिडकी दिली आणि दर स्टेशनावर येऊन, मिसेस व्हॅन डेल्डन, चहा सांगू का, म्हणून विचारून गेला. पर्सी असता तर म्हणाला असता, आधी शिट्टी फुंक, मग चहाचं बघ. अंबलंगोडाला समोरच्या बाईची कोंबडी सुटली आणि अख्खा डबा बाकांखाली शिरला. मी हसले. पर्सी गेल्यापासून मोठ्यानं हसले ते आजच, आणि हसल्याचीच जरा लाज वाटली.

फ्लोरी छत्री घेऊन फलाटावर उभी होती. ही पर्सीची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत पियानो शिकवला, आवाज अजून खणखणीत. मला पाहताच भर गर्दीत ओरडली, अगं पोरी, किती वाळलीस! माझा भाऊ गेला म्हणून तूही झिजून संपायचं ठरवलंस काय? मग माझ्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडता हमालाशी घासाघीस केली.

घर जुन्या डच किल्ल्याच्या आत आहे, छान आहे. नुकताच चुना दिलाय. पुढं रस्त्याला लागून ओटा आणि दोन आरामखुर्च्या, मग दिवाणखाना, जेवणाची खोली, मग मागचा व्हरांडा, विहीर आणि पलीकडे स्वयंपाकघर. मला मिळालेल्या खोलीची खिडकी मागच्या व्हरांड्यात उघडते. खिडकीशी टेबल आहे. रात्री सीलानं, म्हणजे इथल्या स्वयंपाकिणीनं, केळीच्या पानात बांधून भाजलेला भात वाढला. फ्लोरी म्हणाली, खा, उद्यापासून पूर्वज खणायचेत.

तेच काम आहे. नोएलीनला, माझ्या मुलीला, नवऱ्यासह मेलबर्नला जायचंय. आम्हा बर्घर लोकांची, म्हणजे जुन्या डचांच्या इथल्या वंशजांची, निम्मी गल्ली गेलीच आहे. सिंहली ही सरकारी भाषा झाल्यापासून ट्रेव्हरला कचेरीत बढती मिळेना आणि साहेबाचं टिपणही वाचता येईना. पण तिकडे जायचं तर कोलंबोच्या कचेरीत दाखवावं लागतं, की आपलं रक्त चारांत तीन हिस्से तरी युरोपचं आहे. आणि तसं दिसायलाही हवं. ट्रेव्हरच्या घराण्याची वंशावळ आमच्या समाजाच्या मासिकात छापून झालीय. व्हॅन डेल्डनांची कुणी केलीच नाही. चर्चच्या जुन्या नोंदी इथं आहेत आणि माझ्यापाशी वेळ आहे.

नोएलीन बापावर गेलीय, लोण्यासारखी गोरी. मी काळी. तिची पोर बेव्हर्ली माझ्यावर उतरली, आणि पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच मला तिची काळजी लागली. ती पोर तिकडे शिकावी. एवढंच मला हवंय.

१२ सप्टेंबर

चर्चच्या मागच्या खोलीत बसायला जागा मिळाली. मी पाचवीनंतर शाळा सोडलेली. जे काही वाचायला शिकले ते रेल्वेच्या वाचनालयात, पर्सी ड्यूटीवर असताना. जुनं डच असंच शिकले. एका मांडीवर डच बायबल, दुसरीवर इंग्रजी, ओळीला ओळ लावत. पर्सी म्हणायचा, देव तुझी तक्रार करेल, दोन्हीकडून त्याचं बोलणं चोरून ऐकतेस.

नोंदींवर किती विश्वास ठेवावा? लिहिणाऱ्यानं कानाला आलं तसं लिहिलंय. आमचंच आडनाव प्रत्येक पानावर वेगळं. एक माणूस मेल्याची नोंद आहे, आणि काही वर्षांनी तोच आपल्या मुलाचा बाप्तिस्मा करायला हजर. कित्येक पानं कसरीनं खाल्लीत, हात लावला की भुगा होतो.

घरात अशी समजूत होती की आपला मूळपुरुष यान हा कुणा सरदाराचा धाकटा मुलगा. नोंदीत तो निघाला पलटणीत ढोल वाजवणारा. भीत भीत फ्लोरीला सांगितलं. ती टाळ्या पिटत म्हणाली, तरीच! संगीत रक्तातच आहे, मी उगाच पियानोची फी भरली.

१९ सप्टेंबर

ढोलवाल्या यानची बायको सापडली. सुझाना. पण एकाच पानावर दोन सुझाना आहेत.

तेव्हाची रीत अशी, की इथली बाई डच शिपायाच्या घरात राहायला लागली आणि मूल झालं, की आधी तिचा बाप्तिस्मा व्हायचा, मग मुलाचा. तिच्या शेजारी कुणी गोरी बाई धर्ममाता म्हणून उभी राहायची, आणि धर्ममातेचंच नाव नव्या बाईला द्यायचे. तिचं आधीचं नाव कुणी लिहीत नसे. तर या पानावर आईच्या जागी आहे ‘सुझाना, इथली स्त्री’. आणि साक्षीदारात आहे कप्तानाची लग्न न झालेली मुलगी, सुझाना एलिझाबेथ.

फ्लोरीनं चष्मा नाकावर ओढून पान पाहिलं. मग म्हणाली, कुठली सुझाना घ्यायची ते तुझ्या हातात आहे, पोरी. किल्ल्यातल्या एकूण एक घरात ही ‘इथली’ सुझाना आहे. छापते कोण?

मी म्हटलं, हे खोटं होईल. ती म्हणाली, खोटं कसलं? दोघीही त्या दिवशी चर्चमध्ये होत्याच की.

२३ सप्टेंबर

केलं.

वाटलं होतं, जड जाईल. गेलं नाही. एक नाव साक्षीदारातून उचलून आईच्या जागी लिहायचं, बस. सुझाना एलिझाबेथ झाली व्हॅन डेल्डनांची आई, आणि ‘इथली स्त्री’ कागदावरून गेली. शाई सुकेपर्यंत मी मान वर केली नाही. मग खिडकीबाहेर पाहिलं, तर मागच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर एक बाई बसलेली.

मी गुड आफ्टरनून म्हटलं. ती अंगणाकडे तोंड करून बसून राहिली. पांढरं जाकीट, कंबरेला गुंडाळलेलं कापड, ताठ पाठ, हात मांडीवर. वाटलं, फ्लोरीच्या नात्यातली असेल. आमच्या घरांत रंगानं काळे नातलग मागच्या गल्लीनं येतात, अशाच बाकड्यावर बसतात. त्यांना जेवण तिथंच, एनॅमलच्या ताटल्यांत. चिनी मातीच्या बश्या पुढच्या माणसांना. कुणी असं ठरवलेलं नाही, कुणी बोलूनही दाखवत नाही. माझी आच्ची, आईची आई, माझ्या माहेरी अशीच बसायची. मी काळी असून पुढं बसते, ती पर्सीची बायको म्हणून.

मी फ्लोरीला सांगितलं, मागं कुणी पाहुणी आलीय. ती म्हणाली, आईच्या वेळेपासून तिकडून कुणी आलेलं नाही. जाऊन पाहिलं तर बाकडं रिकामं होतं.

२७ सप्टेंबर

सीला सकाळी रागावली. इथं मालकिणीला नोना म्हणतात. म्हणाली, नोना, रात्रीतून कुणाला जेवू घातलंत? फडताळात एनॅमलच्या ताटल्यांचा गठ्ठा असतो, वर्षानुवर्षं कुणी काढत नाही. त्यातली एक धुऊन विहिरीच्या कठड्यावर पालथी घातलेली होती. ओली. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग काय तुमच्या पूर्वजांनी खाल्लं?

२ ऑक्टोबर

नोएलीनचं पत्र. ट्रेव्हरनं जहाजात जागा धरून ठेवलीय. बेव्हर्लीनं चित्र काढून पाठवलंय. जहाज, त्यावर चौघं, मी सगळ्यांत मोठी. मला आणि स्वतःला तिनं तपकिरी खडूनं रंगवलंय, आईबापाला कागदाचाच रंग ठेवलाय.

पुढच्या पिढीत डोमिंगा निघाली. हिला तर धर्ममाताही नाही. ती बटाव्हिया या डचांच्या दूरच्या बंदरातून विकत आणलेली गुलाम होती, मालकानं मरताना मोकळी केली, मग आमच्या घराण्यातल्या एकानं तिच्याशी लग्न केलं. ते अर्धं पान कसरीनं खाल्लंय. खाल्लेल्या पानावर काय होतं हे कोण सांगणार? मी अमेलिया नावाची एक बाई लिहिली, हॉलंडमध्ये जन्मलेली. कुठलं तरी गाव हवं म्हणून नकाशात पाहून दिलं.

लिहून झाल्यावर हात धुतले, मग परत धुतले. फ्लोरी दारातून म्हणाली, काय गं, शाई आहे की रक्त? मी टॉवेल खुर्चीवर आपटला. ही म्हातारी मला सांभाळते आणि मी तिच्यावर चिडते. चिडायचं खरं तर स्वतःवर आहे.

४ ऑक्टोबर

आता बाकड्यावर दोघी असतात. दुपारी सगळे झोपले की येतात. विहिरीवर दोन ताटल्या.

९ ऑक्टोबर

आज ठरवून त्यांच्या समोर गेले. अंगणात उतरले, विहिरीला वळसा घातला आणि वळून पाहिलं. भर ऊन होतं.

चेहरे नव्हते असं लिहिलं तर चूक होईल. चेहरे होते, खोडलेले. शाईचा शब्द रबरानं घासला की कागद कसा भुरभुरीत होतो, लव उठते, उजेडाकडे धरला तर पातळ झालेला दिसतो, तसे. नाक कुठं होतं ते कळत होतं.

मी ओरडले नाही. माझ्या तोंडून आलं, माफ करा. कुणाशी कुणी बोलल्यासारखं नाहीच ते, फलाटावर धक्का लागल्यावर म्हणतो तसं. दोघी बसून राहिल्या. रागही दाखवला असता तर मला बरं वाटलं असतं.

सीला स्वयंपाकघरातून म्हणाली, नोना, उन्हात काय उभ्या राहता, चक्कर येईल.

१५ ऑक्टोबर

व्हॅन डेल्डनांची वंशावळ पूर्ण झाली. समाजाच्या चिटणीसांनी वाखाणली आणि सही दिली. पण नोएलीनचं पत्र आलंय, की हिशेब अजून बसत नाही. माझी बाजू कमी पडते. माझ्या आईचा बाप इंग्रज, हेन्री टिलबरी, पलटणीतून सुटून बद्देगामाला कॉफीच्या मळ्यावर आलेला. तिथवर ठीक. पण आईची आई कोण, असं कचेरीनं विचारलंय.

आईची आई डिंगीहामी. दालचिनी सोलणाऱ्यांच्या घरातली. माझी आच्ची. तिच्या बोटांना दालचिनीचा वास यायचा आणि डाव्या अंगठ्याचं नख सुरीनं उडालेलं होतं. मी तिच्या मांडीवर झोपलेय. माहेरच्या मागच्या व्हरांड्यात, अशाच बाकड्यावर. मला आत नेऊन निजवा असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, राहू दे, इथं वारा आहे.

इतर दोघींना मी ओळखत नव्हते. असं मनाशी म्हणत होते. आता काय म्हणू?

१८ ऑक्टोबर

फ्लोरीला सांगितलं, मला जमणार नाही. तिनं हातातला पंखा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, कॉनी, मेलेल्याला कुठं जायचंय? जायचंय ते त्या पोरीला. तू काळी, ती काळी. पण तुला पर्सी भेटला. तिला इथं कोण भेटणार?

ती खरं बोलते, हेच वाईट.

२० ऑक्टोबर

हेन्री टिलबरीला विलायतेतली लग्नाची बायको होती, एलेन. इथं आली आणि तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. तिचा दगड अजून स्मशानभूमीत आहे, त्यावरचं मृत्यूचं साल वाऱ्यानं झिजलंय. झिजलेलं साल आपल्याला हवं तसं वाचता येतं. मी माझी आई एलेनच्या पोटी घातली.

दुपारी खिडकी लावून बसले. तरी वास आला. दालचिनीचा, ताज्या सोललेल्या सालीचा.

खिडकी उघडली. तिघी होत्या. तिसरी कडेला, हात मांडीवर. अंगठा पाहिला.

आच्ची, म्हटलं. तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. बाकीच्या कधी वळल्या नव्हत्या. तिनं वळवली, आणि तिथं—

मला नाही लिहिता येत.

२६ ऑक्टोबर

जेवण जात नाही. फ्लोरी म्हणते, सारखी मागं कशाला बघतेस, तिकडे काय ठेवलंय. तिला दिसत नाहीत. सीलालाही नाहीत. पण रोज तीन ताटल्या धुतलेल्या, आणि सीला आता विचारत नाही. नुसती उचलून ठेवते.

मी आच्चीशेजारी जाऊन बसावं, तिचा हात धरावा. तेवढंही झालं नाही. लाज वाटते. रोज दारापर्यंत जाते आणि परत येते.

६ नोव्हेंबर

नोएलीन आली, एकटी. पहाटेच्या गाडीनं. मला वाटलं मंजुरी आली. तिनं चहा घेतला, कप खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. बोलली ती कपाशीच.

साहेबानं वंशावळ पाहिली, चांगली म्हणाला. मग फायलीतला लग्नाचा फोटो पाहिला. मी तिच्या शेजारी उभी आहे त्यात, निळ्या झग्यात. साहेबानं माझ्यावर बोट ठेवून विचारलं, ही कोण? ट्रेव्हर पटकन बोलून गेला, ही सासऱ्यांची दुसरी बायको. साहेब म्हणाला, मग पहिलीचे कागद आणा.

ममी, तू रागावू नकोस, असं ती कपाला म्हणाली. फक्त कागदावर. तिकडे गेल्यावर आम्ही तुला बोलावून घेऊ.

मी तिचे केस कानामागं सारले. लहानपणी करायची तसे. म्हटलं, त्यात काय रागवायचं, लेखणी आण.

पहिल्या बायकोला मी आयव्ही नाव दिलं. बाप इंग्रज, आई हॉलंडची. बाळंतपणात गेली. अक्षर छान आलं. मग माझ्या नावाखाली लिहिलं, मूलबाळ नाही.

लिहिताना ध्यानात आलं. मीच आई नाही, तर माझ्या आजीशी कुणाला काय करायचं होतं? आच्चीला उगाच खोडलं.

नोएलीन रडत होती. कागद वाळायच्या आत घडी घालू नको एवढंच मी तिला सांगितलं.

८ नोव्हेंबर

सकाळी जेवणाच्या टेबलावर एकच बशी होती, फ्लोरीची. मी सीलाला विचारलं. तिनं मागं बोट दाखवलं. बाकड्यावर एनॅमलच्या ताटलीत आप्पे आणि नारळाची चटणी ठेवलेली.

तिच्या वागण्यात अपमान नव्हता. रोजचंच असल्यासारखं.

मी उभ्यानं खाल्लं. बसले नाही.

११ नोव्हेंबर

फ्लोरी माझ्या अंगावरून गेली, पियानोशी बसली. मी हाक मारली. तिनं वाजवणं थांबवून सीलाला विचारलं, मागं कुणी आलंय का? असेल तर काही खायला दे.

ती किती प्रेमानं बोलली. मला भरून आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ नोव्हेंबर

माझ्या खोलीत जाता येत नाही. दार उघडंच आहे. पण उंबऱ्याशी आले की लाज वाटते, परक्याच्या घरात न बोलावता शिरल्यासारखी. पाय उचलत नाही. वही आणि लेखणी खिडकीतून हात घालून काढली.

बाकड्यावर बसते आता. चौथी मी.

विहिरीत वाकून पाहिलं. पाणी हलत होतं म्हणून असेल. गालावर बोट फिरवलं—लव लागली. कागदासारखी.

१८ नोव्हेंबर

बाकड्यावर चौघी. एकमेकींचा स्पर्श कळतो. आच्चीचा दंड माझ्या दंडाला लागतो. गार आहे. मी हलत नाही.

फ्लोरीनं सीलाला पत्र वाचून दाखवलं. मंजुरी आली. जहाज महिनाअखेर. फ्लोरी म्हणाली, पर्सी असता तर नाचला असता. मग पत्राची घडी घालू लागली. म्हणाली, कुणाला तरी सांगायला हवं गं हे, कुणाला ते आठवत नाही.

पोर जाणार. शिकणार. मग चालेल. हे सगळं—चालेल.

२४ नोव्हेंबर

नोएलीन आलीय. बेव्हर्ली आहे बरोबर. पोरीच्या हातात पेटी. चार दिवसांची एवढीशी नाही, मोठी—

जेवणाच्या खोलीतून ऐकू येतं. नोएलीन फ्लोरीला सांगतेय. शेवटच्या तपासणीत डॉक्टरानं पोरीला पाहिलं. म्हणाला, ही या वंशावळीत बसत नाही. फ्लोरी ओरडली, म्हणजे काय, तुझी पोर आहे! नोएलीन म्हणाली, हळू बोल आंटी. ट्रेव्हरनं सांगून टाकलं की ती आमच्या आयाची मुलगी, आम्ही नुसती वाढवली. आता तसं लिहून द्यायचंय. वर्षभर सांभाळ तिला. मग बोलावून घेऊ.

बोलावून घेऊ. तेच शब्द.

नोएलीन माझ्या टेबलाशी बसलीय. माझी दौत. मी खिडकीतून हात घातला, तिच्या मनगटावर ठेवला. तिनं मनगट झटकलं, डास बसल्यासारखं.

फ्लोरी म्हणतेय, लिहू नको, लिहू नको गं. पण लेखणी ऐकू येते.

बाकड्यावरच्या सरकल्या. आच्ची सरकली, मी नकळत सरकले—माझ्या शेजारी जागा झाली. लहानशी.

नाही.

बेव्हर्ली दारात उभी आहे. माझ्याकडे बघतेय. मला बघतेय. ग्रॅनी, म्हणाली. तू इथं का बसलीस? मी येऊ?

मी हात हलवून नको म्हटलं. आत जा. ती हसली. तिला वाटलं खेळ आहे. येतेय—

खोडलेलं परत लिहिता येतं. येत असलं पाहिजे. ज्या हातानं—खरं लिहिते, सगळं, पहिल्यापासून, मग कागद फाटू दे, जहाज जाऊ दे. नोएलीनला दाखवीन. तिला दिसेल.

बेव्हर्ली. नोएलीनच्या पोटची. नोएलीन माझ्या पोटची. मी कॉन्स्टन्स. माझी आई ॲग्नेस. ॲग्नेसची आई आच्ची, तिचं नाव—

नाव होतं. मी लिहिलंय. याच वहीत. पानं उलटली. ओळ सापडली. अक्षरं दिसतात, लागत नाहीत. दोन बायबलं मांडीवर घेऊन शिकलेली मी—

आच्ची, सांग. आच्ची, तुझं नाव. तिनं तोंड वळवलं. तिथं तोंड—

पोर माझ्या शेजारी बसली. डोकं माझ्या दंडावर टेकलं. गालावर ऊन पडलंय तिच्या. लव दिसते. नाही, उन्हामुळे. उन्हामुळेच. परत लिहिते.

बेव्हर्ली, नोएलीनची. नोएलीन माझी. मी ॲग्नेसची. ॲग्नेस ही